कुस्ती मैदानाचे फोटो : डाव होऊन गेल्यावर क्लिक होतंय, अंधार पडला की सगळं हलतंय. काय बदलायचं?

खानापूर_वार्ताहर

मंडळी, नमस्कार. यात्रांच्या हंगामात गावोगावच्या जंगी मैदानांचे फोटो दैनिकाला पाठवायचे असतात. कॅमेरा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल, सेकंदाला पाच फ्रेम घेणारा. लेन्स दोन : १८-५५ आणि ५५-२५०, दोन्ही झूम केल्यावर एफ ५.६ वर येतात (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान, उजेड कमी). एक साधा फ्लॅशही आहे.

अडचणी अशा :

१) पैलवान हवेत असतानाची फ्रेम मिळतच नाही. एक तर दोघे नुसते धरून उभे, नाही तर दोघे मातीत.
२) एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत रात्र होते. हॅलोजनखाली १/१६० सेकंदापेक्षा वेगवान शटर ठेवलं की फोटो काळा, तेवढंच ठेवलं की हात-पाय हललेले.
३) त्याच दिव्यांखाली ओळीने घेतलेल्या पाच फ्रेमचा उजेड आणि रंग पाच तऱ्हेचा येतो.

नवा कॅमेरा घेणं शक्य नाही. आहे त्यात, फार तर एखादी स्वस्त लेन्स घालून, काय करता येईल?

---

लाल_माती

दादा, पहिल्या अडचणीचं उत्तर कॅमेऱ्यात नाही, डावात आहे. हिशेब बघा. डोळ्याला दिसून बोट दाबायला साधारण पाव सेकंद जातो. त्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा विलंब, ०.०५ ते ०.१ सेकंद. पाय मातीतून सुटल्यापासून पाठ टेकेपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. म्हणजे उचललेला बघून बटण दाबलं, तर निम्म्याहून जास्त डाव संपलेला असतो. पाच फ्रेमचा बर्स्ट (बटण दाबून धरून ओळीने घेतलेल्या फ्रेम) लावला तरी दोन फ्रेममध्ये ०.२ सेकंदाची फट राहते, आणि नेमका क्षण त्या फटीत जातो. म्हणून बर्स्ट सुरू करायचा तो डावाची तयारी दिसली की.

तयारी कशी ओळखायची :

कलाजंग : पैलवान एकदम खाली बसकण घेतो, एक हात समोरच्याच्या दंडावर, दुसरा त्याच्या मांड्यांमधून आत. डोकं काखेखाली शिरलं की दाबायला सुरुवात करा. उचलायला ताकद लागते, त्यामुळे समोरचा खांद्यावर आडवा असण्याचा क्षण इतर डावांपेक्षा जास्त टिकतो. नवख्याने पहिला फोटो याच डावाचा धरावा.

धोबीपछाड : पैलवान समोरच्याचा हात ओढून गर्रकन पाठ फिरवतो. पाठ फिरली की लगेच. इथे वेळ सगळ्यात कमी मिळतो.

ढाक : समोरच्याचा दंड काखेत आवळला जातो आणि कमरेला पीळ पडतो. आवळलेला दंड दिसला की बोट तयार ठेवा, पण दाबू नका. निम्म्या वेळा तो सोडवून घेतला जातो. कंबर आत शिरली तरच दाबा.

घिस्सा : हा खाली मातीत होतो, उंच उडी नाही. पण खालच्याचा चेहरा, मान, लांगेत रुतलेली मूठ हे सगळं एका फ्रेममध्ये येतं. त्यासाठी तुम्ही त्यांच्या डोक्याच्या बाजूला हवेत. पायांकडून घेतला तर कोण कुठे आहे तेच कळत नाही.

खडाखडी (उभ्याने हातापायांची झटापट) चालू असताना शंभर फ्रेम खर्चू नका. त्या वेळात दोघांची सवय बघा : उजवा कोण, पटात (समोरच्याच्या पायांवर) कोण घुसतंय, मागे कोण सरकतंय. जो सारखा पटात घुसतो त्याचा चेहरा तुमच्याकडे येईल अशा बाजूला सरका. दोघांना जोडणारी रेघ आणि तुमच्या कॅमेऱ्याची दिशा काटकोनात आली तर दोन्ही चेहरे मिळतात. एकाच्या पाठीमागे अडकलात तर जागा बदला, किंवा ते फिरून येईपर्यंत थांबा. पंच कुठे उभे राहतात तेही बघून ठेवा. ते जोडीभोवती फिरतात आणि नेमक्या वेळी मध्ये येतात.

उंची : उभे राहून फोटो घेऊ नका. मातीच्या कडेला मांडी घालून बसा, लेन्स पैलवानांच्या गुडघ्याच्या पातळीला. खालून घेतलं की उचललेला पैलवान आभाळावर किंवा गर्दीच्या अंधारावर उठून दिसतो. उभ्याने घेतलेल्यात मागे नुसती माती येते आणि उचल चार बोटांची वाटते.

आणि चितपट झाल्यावर स्क्रीनकडे बघायचं नाही. पुढचे तीन-चार सेकंद जिंकणाऱ्याचा चेहरा, आत धावत येणारे वस्ताद, मातीत पडून राहिलेला दुसरा. पहिल्या पानावर पुष्कळदा हाच फोटो लागतो.

---

हलगी_घुमकं

लाल_माती यांनी डावाचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो.

कॅमेरा एम मोडवर (सगळी सेटिंग हाताने) ठेवा. मागे पांढऱ्या टोप्या आणि सदरे आले की ऑटो मोड फोटो काळा करतो, मागे अंधार आला की पैलवानांची कातडी पांढरी फटक. उजेड पैलवानांवर पडतोय, गर्दीवर नाही, तेव्हा मोजायचा तो मैदानाच्या कडेला आपला तळहात धरून. मीटर सगळं मध्यम करडं धरतो आणि तळहात त्यापेक्षा उजळ असतो, म्हणून मीटरने दाखवलेल्यापेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्या. मग फक्त दर वीस मिनिटांनी बदला.

उन्हाळ्यात दुपारी साडेचारच्या उघड्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ४००, एफ ५.६, १/१६००. सव्वासहाला आयएसओ १६०० च्या आसपास जावं लागेल, शटर १/१००० च्या खाली नको. एप्रिलात आपल्याकडे बेळगाव भागात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याआधीचा अर्धा तास सोडायचा नाही. त्या वेळी पूर्वेच्या कडेला, सूर्याकडे तोंड करून बसा. पैलवान आपटला की उडालेली माती मागच्या उन्हात पेटल्यासारखी चमकते. अंगं काळी पडू नयेत म्हणून एक स्टॉप जास्त द्या, आणि लेन्सवर हूड (तिरपं ऊन अडवणारं कडं) हवाच.

रात्रीचं गणित तुमच्या लेन्सवर अडतंय. गावच्या मैदानात हॅलोजनचा उजेड साधारण २०० ते ३०० लक्स (उजेडाचं माप) धरा. त्यात एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० ला शटर १/१०० च्या जवळपासच येणार. तोच उजेड, तोच आयएसओ, पण एफ २ : शटर सरळ १/८००. त्यासाठी ५० एमएम एफ १.८ ही सगळ्यात स्वस्त मिळणारी लेन्स पुरते. क्रॉप सेन्सरवर आठ मीटरवरून तिच्यात साडेतीन मीटर रुंदीची चौकट बसते. जोडी आणि पंच दोन्ही आले. एफ २ वर त्या अंतराला फोकसची खोली जवळपास दोन मीटर मिळते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ८५ एमएम घेऊ नका. कलाजंग लागला की पाय चौकटीबाहेर जातात.

फोकस सतत चालणाऱ्या मोडमध्ये (कंपनीगणिक नाव वेगळं, एआय सर्वो किंवा एएफ-सी), मधला एकच पॉइंट. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर टाका. अंगठा दाबलेला, बोट मोकळं. शटर दाबल्यावर फोकस शोधण्यात जाणारा वेळ यामुळे वाचतो. मेनूत फोकस किती पटकन दुसऱ्या वस्तूवर उडी मारतो याची सोय असेल तर ती संथ बाजूला न्या, म्हणजे पंच मधून गेले तरी फोकस त्यांच्या पाठीवर जाऊन बसत नाही.

आता तिसरी अडचण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. १/१०० ला एक पूर्ण फेरा शटरमध्ये येतो, उजेड सारखा. १/८०० ला फेऱ्याचा छोटा तुकडाच मिळतो. कधी तेज, कधी मंद, आणि मंद तुकड्यात काही दिव्यांचा रंगही तांबूस होतो. मोठ्या स्टेडियममध्ये दिवे तीन फेजवर वाटलेले असतात, त्यामुळे एक मंद तेव्हा दुसरा तेज. गावात सगळे दिवे एका फेजवर नाही तर एका जनरेटरवर, म्हणून सगळे एकदमच मंद होतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. तो तेज क्षण बघून शटर सोडतो. बर्स्ट थोडा मंदावतो, तेवढं चालतं. नसेल तर १/५०० वर या आणि फ्रेम जास्त घ्या. मिररलेस वापरणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावं, नाही तर फोटोवर आडवे पट्टे येतात आणि वेगात फिरणारा पाय वाकडा दिसतो.

---

खानापूर_वार्ताहर

दोघांचेही मनापासून आभार. ५० एमएम घेतोच. फ्लॅश मात्र नुसता पडून आहे. तो रात्री वापरावा का? कॅमेऱ्यावर लावून घेतलेले फोटो सपाट येतात, मातीचा रंगही जातो.

---

शहापूर_फ्लॅश

अण्णा, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. सपाट येण्याचं कारण तेवढंच. उघड्या मैदानात छत नाही, भिंत नाही, बाउन्स करणार कशावर?

रेडिओ ट्रिगरची (तारेशिवाय लांबून फ्लॅश उडवणारी) जोडी घ्या. मैदानाच्या कोपऱ्यावर दिव्यांसाठी बांबू नाही तर लोखंडी खांब रोवलेले असतात, त्यावर साडेतीन मीटर उंचीला फ्लॅश बांधा, तोंड खाली मातीच्या मधोमध. क्लॅम्पशिवाय वेगळी दोरीही बांधा. खाली पोरं बसलेली असतात. तुम्ही बसाल तिथून फ्लॅश ४५ अंशांवर, म्हणजे अंगावरची माती आणि स्नायूंची घडण उठते.

सेटिंग : शटर १/२००, एफ ५.६, आयएसओ ८००, फ्लॅश पाव ताकदीला. १/२०० वाचून दचकू नका. या सेटिंगला हॅलोजनचा उजेड तीन स्टॉप कमी पडतो, त्यामुळे फोटो काढणारा उजेड खरं तर फ्लॅशचा. पाव ताकदीला फ्लॅशची चमक १/२५०० सेकंदाच्या आसपास संपते, आठव्या हिश्शाला १/५००० च्या. हालचाल गोठते ती त्या चमकेत. गाइड नंबर (फ्लॅश किती लांब पोचतो त्याचं माप) ३६ चा फ्लॅश या सेटिंगला नऊ मीटरपर्यंत पोचतो. अंतर मोजायचं ते फ्लॅशपासून पैलवानापर्यंत, कॅमेऱ्यापासून नाही. तुमची ५५-२५० यात चालून जाईल.

चूक होते ती दोन ठिकाणी. पूर्ण ताकदीवर ठेवलं तर चमक लांबते, पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात आणि पुढची फ्रेम काळी येते. आणि शटर १/२५० च्या वर नेलं तर बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोचा एक पट्टा काळा. हाय-स्पीड सिंकने (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) तो पट्टा जातो, पण ताकद इतकी घटते की नऊ मीटरचे तीन मीटर उरतात.

बर्स्ट यात विसरा. एक डाव, एक फ्रेम. २५ मे १९६५ ला अमेरिकेत लुइस्टनला मुष्टियुद्धात मोहम्मद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं, तेव्हाची फोटोग्राफर नील लायफरची रंगीत फ्रेम अशीच आहे. फ्लॅश रिंगच्या वर टांगलेले, ते भरायला वेळ लागायचा, म्हणून त्या क्षणाला एकच संधी. त्या फोटोत अलीच्या पायांमधून पलीकडे दुसरा फोटोग्राफर हर्ब शार्फमन दिसतो. तोही अनुभवी, पण अलीची पाठ त्याच्याकडे होती. लाल_माती बाजू बदला म्हणतात ते याचसाठी.

---

लाल_माती

शहापूर_फ्लॅश यांचं गणित बरोबर आहे, पण एक गोष्ट आधी. यात्रा कमिटीला आणि पंचांना विचारल्याशिवाय फ्लॅश लावू नये. पैलवान वर उचललेला असताना तोंडावर लख्ख चमक आली तर उचलणाऱ्याची पकड सुटू शकते, मान दुखावते. उंचावरून आणि बाजूने येणारी चमक डोळ्यांत कमी जाते, तरी परवानगी हवीच. परवानगी नसेल तर ५० एमएम आणि हॅलोजन. माझं मत विचाराल तर दाणा (जास्त आयएसओमुळे येणारा रवाळपणा) आला तरी चालेल, हॅलोजनच्या उजेडात मागची हलगीवाली मंडळी आणि बांधावर चढलेली गर्दी दिसते. फ्लॅशमध्ये ती अंधारात जाते, आणि मग तो फोटो आपल्या मैदानाचा न राहता कुठल्याही मैदानाचा होतो.

---

शहापूर_फ्लॅश

मान्य. मागची गर्दी हवी असेल तर मधला मार्ग : आयएसओ १६००, फ्लॅश आठव्या हिश्शाला, शटर १/२०० च. मागचा उजेड एक स्टॉप वर येतो. त्याच्या पुढे गेलात तर हॅलोजनची पुसट सावली आणि फ्लॅशची धारदार कड दोन्ही उमटतात, हाताला दोन कडा दिसतात.

---

निपाणी_डेस्क

फोटो पानावर बसवणाऱ्यांच्या बाजूने काही गोष्टी. बहुतेक चांगले फोटो मागे पडतात ते फोटोखालच्या ओळीत.

नावं : मातीतल्या कुस्तीत पाठीवर नंबर नसतो. मैदान सुरू होण्याआधी कुस्त्यांच्या जोड्या छापलेल्या पत्रिकेचा फोटो घ्या, त्याच कार्डवर. जोडी आत आली, सलामी झाली की एक फ्रेम दोघांची समोरून, आणि वहीत जांघियाचा रंग : 'निळा अमुक, लाल तमुक'. निवेदक मराठी-कानडी दोन्हींत पुकारतात. मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कारण ऐन वेळी जोड्या बदलतात आणि पत्रिका खोटी ठरते. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवलेलं असेल तर रात्री कुठली फ्रेम कुठल्या जोडीची ते पाच मिनिटांत लागतं. ओळीत 'डावीकडून' लिहायचंच. उचललेला आणि उचलणारा यांची नावं उलटी गेली तर दुसऱ्या दिवशी तालमीतून फोन येतो, आणि तो रास्त असतो.

गावांची नावं दैनिकाच्या रिवाजाने. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, मराठी पानात बेळगाव चालतं. वृत्तसंस्थेला पाठवताना सरकारी रूप. एकाच ओळीत दोन रूपं मिसळू नका. १ नोव्हेंबरचे फोटो पाठवताना तर जास्तच जपा. एकाच दिवशी, एकाच शहरात मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी आणि कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते. नुसतं 'चौकातील गर्दी' लिहिलं तर डेस्कवर बसलेल्याला कोणती ते कळणार कसं?

आकार : चार कॉलम म्हणजे १६-१७ सेंटिमीटर. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला २०० पिक्सेल पुरतात, म्हणजे १३०० पिक्सेल रुंदी झाली. तुमची फाइल ६००० पिक्सेलची आहे. तेव्हा जोडीभोवती जागा ठेवून फोटो घ्या, निम्मा कापला तरी पुरून उरतो. तुटलेला पाय मात्र नंतर जोडता येत नाही. कागदावर शाई पसरून मधले रंग गडद होतात, आणि लाल माती, मातीने माखलेलं अंग, रात्रीची पार्श्वभूमी हे तिन्ही मधलेच रंग. स्क्रीनवर जरा फिकट वाटेल इतकं उजळून पाठवा.

पाठवताना लांब बाजू २५०० पिक्सेल, जेपेग ८० टक्के. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलमध्ये भरलेली ओळ, नाव, तारीख पुसली जाते. दोनशे फ्रेम पाठवू नका. पाच : एक डाव, एक चितपट, एक जल्लोष, एक गर्दीसह मैदान, एक बक्षीस.

आणि कापणं, उजळणं, रंग सुधारणं इथपर्यंतच. पंचाचा मध्ये आलेला हात पुसायचा नाही, उडालेली माती वाढवायची नाही, 'जरा परत उचला' असं पैलवानाला सांगायचं नाही. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फेरफारामुळे बाद झाले होते. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्याच वर्षी बाहेरच्या फोटोग्राफरांना कळवलं की रॉ (कच्च्या) फाइलवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातून निघालेलं जेपेगच पाठवा. म्हणून एम मोडवर उजेड जागेवरच नीट लावायची सवय कामाला येते. मोबाइलमधली 'नॉइज (दाणा) कमी करा, चेहरा स्पष्ट करा' छापाची एआयची बटणंही टाळा. ती दाणा काढताना डोळे-दात स्वतःच्या मनाने भरतात. दाणेदार फोटो छापता येतो. बनवलेला चेहरा छापता येत नाही.

---

खानापूर_वार्ताहर

हे सगळं लिहून घेतलं. एकच राहिलं : मैदानातली माती आणि पुढे विसर्जन मिरवणुकीतला गुलाल. ५५-२५० झूम करताना कुरकुर आवाज येतोय.

---

जांबोटी_पाऊस

तो आवाज म्हणजे बारीक कण नळीत गेलेत. पुढे-मागे होणारी झूम लेन्स पंपासारखी हवा ओढते, हवेबरोबर गुलाल. आता जोराने फिरवू नका. लेन्स खाली तोंड करून धरा, हाताच्या ब्लोअरने कडेकडेने हवा मारा, मग मऊ कोरडा ब्रश. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात आणि गुलाल ओला झाला की चिकटून बसतो. पेट्रोल पंपावरची हवा तर अजिबात नको. तिच्या दाबाने कण आणखी आत जातात, आणि त्यात पाणी-तेलही असतं. तरी कुरकुर राहिली तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, स्वतः खोलू नका.

पुढच्या वेळी : घरून निघतानाच लेन्स लावायची, मिरवणुकीत बदलायची नाही. बेळगावात हुतात्मा चौकापासून कपिलेश्वर तलावापर्यंत एकच लेन्स, आणि ती ५० एमएम असली तर उत्तम, कारण तिच्यात झूमची नळी नाही. पुढे यूव्ही फिल्टर. कॅमेऱ्यावर जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर बँड, मागे हात जाण्यापुरतं उघडं. काचेवर गुलाल बसला तर आधी ब्लोअर, मग ब्रश, सगळ्यात शेवटी कापड. आधीच कापड फिरवलं तर ते कण काचेवर घासतात.

पावसात भिजलेला कॅमेरा लगेच बंद पेटीत कोंडू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या कापडाने टिपा, पंख्याखाली झाकणं उघडी ठेवून रात्रभर राहू द्या. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. आमच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हे दर आठवड्याला करावं लागतं, नाही तर लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसायला लागतात.